मळीपासून विमानापर्यंत : एका इंधनाचा इतिहास

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाची पोती घेऊन आपले एका इंजिनाचे चिमुकले 'पस मॉथ' विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानात उतरवले. टाटांच्या हवाई टपालसेवेचा हा श्रीगणेशा. या प्रवासातला एक बारीकसा तपशील मला फार आवडतो. अहमदाबादला या विमानात जे पेट्रोल भरले, ते बर्मा शेल कंपनीने चक्क बैलगाडीतून आणले होते! विसाव्या शतकातले सर्वांत आधुनिक वाहन आपल्या पोटाची सोय करण्यासाठी सर्वांत जुन्या वाहनाची वाट पाहत धावपट्टीवर उभे होते.

बैलगाडीचे आणि विमानाचे हे नाते पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी पुन्हा जुळले. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेले. कंपनी त्या वेळची एअर एशिया इंडिया, जी आता एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली आहे. या विमानाच्या टाकीत नेहमीच्या इंधनात सुमारे एक टक्का असे इंधन मिसळले होते, जे जमिनीखालून उपसलेल्या तेलापासून नव्हे, तर उसाच्या मळीपासून तयार केले होते. ते बनवले होते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने आणि पुरवले होते इंडियन ऑइलने. देशी कच्च्या मालापासूनचे असे इंधन घेऊन गेलेले हे भारतातले पहिले व्यावसायिक प्रवासी उड्डाण. आणि ऊस आजही आपल्याकडे कित्येक ठिकाणी कारखान्यावर कसा येतो, हे साखरपट्ट्यातल्या मंडळींना सांगायला नको. बैलगाडीतूनच!

मी व्यवसायाने संगणक क्षेत्रातला. इंधनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण खोबर-दम्मामच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला तेल हा विषय टाळता येत नाही, आणि दर सुट्टीत विमानाने गावी जाणाऱ्या माणसाने तो टाळूही नये. म्हणून हा इतिहास थोडा खणून काढला. त्यातून जे हाती लागले, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

आधी विमान, मग तेल

आपण राहतो त्या भूमीत तेल सापडण्याआधी विमान आले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९३३ साली राजे अब्दुल अझीझ यांच्या सरकारने कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीला तेलशोधाचा परवाना दिला. दुसऱ्याच वर्षी, १९३४ मध्ये, कंपनीने एक 'फेअरचाइल्ड ७१' विमान जुबैलला आणले. वाळवंटाची आकाशातून पाहणी करायची, छायाचित्रे घ्यायची आणि त्यांवरून भूस्तरांचे नकाशे तयार करायचे, हे त्याचे काम. चार वर्षे खटपट करूनही हाती काही लागेना. अखेर मार्च १९३८ मध्ये दहरानच्या टेकडीवरील सातव्या क्रमांकाच्या विहिरीने सगळ्यांचे नशीब उघडले. फेब्रुवारी १९४५ मध्ये सुएझ कालव्याच्या वाटेवरील ग्रेट बिटर लेकमध्ये 'क्विन्सी' या युद्धनौकेवर राजे अब्दुल अझीझ आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट झाली. त्यानंतर रूझवेल्टनी एक डीसी-३ विमान राजांना भेट दिले आणि त्यातूनच सौदी विमानसेवेचा जन्म झाला.

आपल्या भारताचे आणि या किनाऱ्याचे नाते तर त्याहून जुने. मुंबईहून जिद्दाला हजयात्रेकरूंना घेऊन जाणाऱ्या बोटी १९९५ पर्यंत सुरू होत्या. त्यानंतर यात्रेकरू असोत की आपल्यासारखे नोकरदार, सगळ्यांची वाट आकाशातूनच.

या वाटेचा खर्च किती? तिकिटाचा नव्हे, हवेचा. माझा आपला ढोबळ हिशेब असा. दम्माम ते मुंबई हे अंतर सुमारे २५०० किलोमीटर. सुमारे १८० प्रवाशांचे, एकाच मार्गिकेचे विमान त्यासाठी ८ ते ९ टन इंधन जाळते. एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आश्चर्य वाटेल, पण जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिळतो म्हणून वजन वाढते. म्हणजे एका फेरीत २५ टनांहून जास्त, आणि माणशी साधारण दीडशे किलो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानवाहतुकीचा वाटा दोन ते तीन टक्के. ऐकायला थोडा, पण इतर क्षेत्रांना सूर्य, वारा, वीज असे पर्याय सापडत आहेत. विमानाला तसा पर्याय सहज नाही. बॅटरीचे वजनच इतके, की लांबच्या प्रवासात विमानाने प्रवासी न्यायचे की नुसत्या बॅटऱ्या, असा प्रश्न पडावा.

टंचाईची लेकरे

कृत्रिम विमान-इंधनाचा शोध पर्यावरणाच्या काळजीपोटी लागला असे कोणाला वाटत असेल, तर तसे नाही. तो टंचाईपोटी लागला. जर्मनीकडे दगडी कोळसा मुबलक, तेल मात्र नाही. १९२०च्या दशकात फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोन रसायनशास्त्रज्ञांनी कोळशाचा वायू करून त्यापासून द्रवरूप इंधन बनवण्याची पद्धत शोधली. त्याआधी फ्रिडरिश बर्गियस यांनी कोळशावर हायड्रोजनची प्रक्रिया करण्याची वेगळी पद्धत शोधली होती. त्यांना १९३१ चे नोबेल मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांचे बहुतेक पेट्रोल अशा कोळशाच्या कारखान्यांतूनच येई. मे १९४४ मध्ये दोस्तांच्या बाँबफेकी विमानांनी लॉयना आणि इतर कारखान्यांवर हल्ले सुरू केले आणि जर्मन हवाई दलाचा घसाच कोरडा पडला.

पुढची पाळी दक्षिण आफ्रिकेची. तिथेही कोळसा भरपूर, तेल नाही. पुढे वर्णद्वेषी धोरणामुळे निर्बंधही आले. तिथल्या सासोल कंपनीने हीच जर्मन पद्धत १९५०च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर वापरली. १९९९ मध्ये जोहान्सबर्ग विमानतळावर कोळशापासूनचे अर्धे-कृत्रिम इंधन प्रवासी विमानांत भरायला अधिकृत मान्यता मिळाली. म्हणजे विमानाला तेलविहिरीशिवायचे इंधन चालते, हे सिद्ध झाले. मात्र कोळशापासूनचे हे इंधन, बनवण्यापासून जाळण्यापर्यंतचा हिशेब धरला तर, खनिज तेलापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारे. रोगापेक्षा औषध भयंकर!

तिसरी गोष्ट ब्राझीलची, आणि तिचा धागा आपल्या सौदीशी जोडलेला आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांत तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. याच तेलाच्या पैशातून आखातात बांधकामे सुरू झाली आणि आपली माणसे इथे येऊ लागली. तिकडे तेल आयात करणाऱ्या ब्राझीलचे मात्र कंबरडे मोडले. त्यांनी १९७५ मध्ये उसापासून अल्कोहोल बनवून गाड्या चालवण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. २००४ साली तिथल्या एम्ब्रेअर कंपनीच्या 'इपानेमा' या शेतफवारणीच्या विमानाला शुद्ध अल्कोहोलवर उडण्याची मान्यता मिळाली.

मग आपलीही विमाने सरळ अल्कोहोलवर का उडवू नयेत? कारण प्रवासी विमानाची जेट इंजिने निराळी. शिवाय अल्कोहोलमध्ये किलोमागे उष्णता भरते ती विमान-इंधनाच्या दोन तृतीयांशांहूनही कमी. जेट इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये, अशा अटीही असतात. माझ्या व्यवसायातले उदाहरण देतो. बँकेतली तीस वर्षांची जुनी संगणकप्रणाली एका रात्रीत बदलता येत नाही. नवा भाग असा लिहावा लागतो, की जुन्या प्रणालीला फरक कळूच नये. विमानांचेही तसेच. विमान पंचवीस-तीस वर्षे उडते, विमानतळांवरच्या टाक्या आणि नळ त्याहून जुने. म्हणून नवे इंधन असे हवे, की ते जुन्यात बिनदिक्कत मिसळावे आणि इंजिनाला पत्ताही लागू नये. अल्कोहोलमधला प्राणवायू पाण्याच्या रूपाने काढून टाकायचा, उरलेले लहान रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, त्यांवर हायड्रोजनचा संस्कार करायचा, की तयार होते ते जवळजवळ केरोसीनच.

आकाशातले प्रयोग

पर्यावरणाची चिंता या कथेत उशिरा शिरली. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचे जंबो जेट लंडनहून ॲमस्टरडॅमला गेले. त्याच्या चारपैकी एका इंजिनाच्या इंधनात नारळाच्या आणि बाबासू या ब्राझिलियन पामफळाच्या तेलापासूनचा अंश होता. प्रवासी नव्हते. वर्तमानपत्रांनी थट्टाही केली. पण २००९ मध्ये अशा इंधनांसाठी आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले आणि निम्म्यापर्यंत मिसळण्याची वाट खुली झाली. २०११ मध्ये केएलएमने तळणीच्या वापरलेल्या तेलापासूनचे इंधन घालून ॲमस्टरडॅम-पॅरिस प्रवासी उड्डाण केले. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी तर व्हर्जिनचेच बोइंग ७८७ संपूर्ण पर्यायी इंधनावर लंडनहून न्यूयॉर्कला पोचले.

भारतात सुरुवात झाली ती मोगली एरंडापासून, म्हणजे जट्रोफापासून. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या झुडपाचा केवढा गाजावाजा झाला होता! पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, डिझेल घ्या. प्रत्यक्षात पाण्यावाचून झुडूप जगले, पण बिया फारशा दिल्या नाहीत. मोठमोठी उद्दिष्टे कागदावरच राहिली. तरी डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतील शास्त्रज्ञांनी चिकाटी सोडली नाही. त्यांनी जट्रोफाच्या तेलापासून केलेले इंधन घेऊन २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे विमान डेहराडूनहून दिल्लीला आले. पुढच्या वर्षी २६ जानेवारीच्या संचलनात हवाई दलाचे एएन-३२ विमान दहा टक्के जैविक इंधनावर राजपथावरून उडाले.

मिरज, मनमाड आणि पुणे

या कथेतला मराठी धागा मात्र उसाचा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे भारतातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले, तेव्हा तीन ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातली होती : मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. तिथून निघालेली वाट २०२२ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांपर्यंत पोचली.

प्राज इंडस्ट्रीजचे संस्थापक प्रमोद चौधरी हे मुंबईच्या आयआयटीतून १९७१ साली बाहेर पडलेले अभियंते. त्यांनी १९८०च्या दशकात पुण्यात कंपनी काढली, तेव्हा मळीपासून अल्कोहोल म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दारूची भट्टीच येई. पुढे कंपनीने मळी, धान्य यांपासून अल्कोहोल काढणारे कारखाने देशोदेशी उभारले. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला, त्याचे तंत्रज्ञानही प्राजचेच. पुणे-दिल्ली उड्डाणामागे अशी चार दशकांची पुंजी होती.

मराठी माणसाला उद्योग जमत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला हे उदाहरण चांगले आहे. मलाही अभिमान वाटतो. पण अभिमान वाटला म्हणून हिशेब चुकवता येत नाही.

पाण्याचा हिशेब

समजा, दम्माम-मुंबई विमानाची सगळी टाकी उसाच्या इंधनाने भरायची. साडेआठ टन म्हणजे साधारण साडेदहा हजार लिटर. एक लिटर जेट इंधनाला ढोबळ मानाने पावणेदोन लिटर इथेनॉल लागते, म्हणजे झाले अठरा हजार लिटर. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून टनभर उसामागे सुमारे दहा लिटर इथेनॉल मिळते, म्हणजे अठराशे टन उसाची मळी एका फेरीला. पण ही मळी साखरेबरोबर आपोआप येणारी. तिच्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही.

आता उसाचा रसच थेट इथेनॉलकडे वळवला तर? टनामागे सुमारे सत्तर लिटर मिळतात. म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे टन ऊस, सुमारे आठ एकरांचे पीक, निव्वळ एका फेरीसाठी. पाटाने पाणी दिले तर एकरी उसाला ऐंशी लाख ते एक कोटी लिटर पाणी जाते. आठ एकरांचे झाले साडेसहा ते आठ कोटी लिटर.

हा आकडा मनात ठेवा आणि एप्रिल २०१६ आठवा. लातूर शहर तहानेने व्याकुळ झाले होते आणि पाण्याची रेल्वेगाडी धाडावी लागली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. ती गाडी निघाली कुठून? मिरजेहून! इथेनॉलची वाट जिथून निघाली, तिथूनच पंधरा वर्षांनी लातूरसाठी पाणी निघाले. रसावर उडणाऱ्या एका विमानफेरीचा ऊस अशा सव्वाशेहून अधिक गाड्यांचे पाणी पितो. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत उसासारख्या पिकांना आवर घालायला सांगितले होते. मराठवाड्यात उसाचे कारखाने मात्र वाढतच गेले.

रसाची ओढ काही काल्पनिक नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी, पाऊस कमी झाला आणि साखरेचा तुटवडा होईल या भीतीने, केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. याचा अर्थ एवढाच, की गाड्यांसाठीच रस ओढला जात आहे. उद्या विमानेही त्याच रांगेत उभी राहिली, तर ओढ वाढणार.

इथल्या गव्हाने शिकवलेला धडा

आपण ज्या देशात राहतो, त्याने अशी चूक करून पाहिली आहे आणि सुधारलीही आहे. रियाधहून कसीमकडे जाताना विमानाच्या खिडकीतून वाळवंटात मोठमोठी हिरवी वर्तुळे दिसतात. फिरत्या तुषारसिंचनाची ही शेते. १९८०च्या दशकात सरकार जागतिक भावाच्या कितीतरी पट किंमत देऊन गहू विकत घेऊ लागले. वाळवंट गव्हाने पिवळे झाले. १९९०च्या दशकाच्या आरंभी सौदी अरेबिया जगातल्या प्रमुख गहू-निर्यातदार देशांत जाऊन बसला! पण हे पाणी हजारो वर्षांपूर्वी भूगर्भात साठलेले. ते पुन्हा भरून येत नाही. विहिरी खोल खोल जाऊ लागल्या. शेवटी २००८ मध्ये सरकारने खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि २०१६ मध्ये ती थांबवली. पुढे मर्यादित प्रमाणात मुभा दिली, पण तो जुना थाट परत आला नाही. तेलाच्या पैशाने पाणी उपसून गहू विकणे म्हणजे पाणीच स्वस्तात परदेशी धाडणे, हे त्यांना उमगले.

याच देशाच्या किनाऱ्यावर दुसराही प्रयोग झाला. १९९०च्या दशकात जुबैलच्या उत्तरेस रास अझ-झौर येथे सॅलिकॉर्निया या खाऱ्या पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतीची लागवड झाली. आपल्या कोकणातल्या खाजण जमिनीत वाढणाऱ्या झुडपांच्या जातकुळीतली ही वनस्पती. तिच्या बियांत तेल असते. जानेवारी २०१९ मध्ये अबू धाबीहून ॲमस्टरडॅमला गेलेल्या एतिहादच्या विमानात तिच्या तेलापासूनचे इंधन मिसळले होते. गोड्या पाण्याचा थेंबही न घेता पिकलेले इंधन!

आणखी पुढची वाट उन्हाची. सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवायचा आणि त्याला कार्बन डायऑक्साइडची जोड देऊन द्रवरूप इंधन घडवायचे. नियोममध्ये चार गिगावॉट सौर व पवनऊर्जेवरचा हायड्रोजन प्रकल्प हाती घेतला गेला. २०२३ मध्ये नियोमच्या एनोवाने आणि अरामकोने अशा कृत्रिम पेट्रोलचा, दिवसाला ३५ बॅरलचा, प्रायोगिक कारखाना जाहीर केला. सौदी सरकारने २०६० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. फिशर आणि ट्रॉप्श यांचीच ही विद्या, फक्त कोळशाऐवजी ऊन.

एक टक्का कशाचा?

२०२४ मध्ये जगात असे पर्यायी इंधन सुमारे दहा लाख टन तयार झाले, एकूण विमान-इंधनाच्या ०.३ टक्के. किंमत नेहमीच्या इंधनाच्या दुप्पट ते पाचपट. तरी सरकारे आता सक्ती करू लागली आहेत. युरोपात २०२५ पासून दोन टक्के मिश्रण बंधनकारक आहे, २०३० मध्ये सहा टक्के होईल. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के असे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२७ पासूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेची कार्बन भरपाईची योजनाही भारताला लागू होईल.

ही सगळी उद्दिष्टे 'किती' सांगतात. आपण 'कशापासून' हे विचारायला हवे. माझ्या मते क्रम असा असावा : आधी टाकाऊ, मग मळी, आणि रस सगळ्यांत शेवटी, तोही पाणी मुबलक असेल तिथेच. टाकाऊचे भांडवल मोठे आहे. भाताचा पेंढा, बगॅस, तळणीचे जळके तेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्येच वापरलेले तेल गोळा करून इंधनाकडे वळवण्याची मोहीम सुरू केली. २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला अशा तेलापासून विमान-इंधन करण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. चकल्या तळून उरलेल्या तेलावर विमान उडेल, असे आपल्या आज्यांना सांगितले असते तर त्यांनी आपल्याला वेड्यात काढले असते!

ऊसउत्पादकाला चार पैसे जास्त मिळावेत, ही अपेक्षा मुळीच चुकीची नाही. पण ते पैसे मळीचा आणि बगॅसचा चांगला भाव मिळून आले, तर त्यासाठी नवी विहीर खणावी लागत नाही. रसावर आधारलेले मिळाले, तर उसाखालचे क्षेत्र वाढेल, आणि लातूर-बीडकडच्या विहिरी कसीमच्या विहिरींच्या वाटेने जातील. सौदी अरेबियाकडे चूक निस्तरायला तेलाचा पैसा आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने होते. मराठवाड्याकडे यांपैकी काहीच नाही.

मंडळी, येत्या काही वर्षांत दम्माम, रियाध, जिद्दाहून मुंबईला जाणाऱ्या तुमच्या-माझ्या विमानांतही हा एक टक्का हळूहळू येईल आणि तिकिटात त्याची किंमतही आपण भरू. आपल्यापैकी कित्येकांचे भाऊबंद साखर कारखान्यांचे सभासद आहेत, काहीजण संचालकही आहेत. सुट्टीत गावी गेलात की त्यांना एवढेच विचारा : आपल्या कारखान्यातून इथेनॉलला काय जाते, मळी की रस? आणि यंदा गावच्या विहिरीला पाणी किती फुटांवर लागले?